वस्तू सापडते, पुरावा हरवतो

1974 साली नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला, प्रवरेकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर, एक भिल्ल शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता. कुदळ धातूवर आदळली. माती बाजूला केल्यावर चार भरीव कांस्यवस्तू वर आल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला एक रथ. रथ जवळपास 45 सेंटिमीटर लांब आणि त्यावर आडवा दांडा धरून उभा असलेला सारथी 16 सेंटिमीटर उंच. चारही मिळून वजन साठ किलोंच्या पुढे. दख्खनच्या ताम्रपाषाण युगातल्या माणसांकडे तांबं इतकं कमी होतं, की त्यांची नेहमीची हत्यारं दगडी पात्यांचीच असत. त्या मुलखात एका खड्ड्यात एवढा धातू सापडावा, ही मोठीच गोष्ट होती. भारतीय पुरातत्त्वावरच्या बहुतेक पुस्तकांत या रथाचं चित्र असतं.

तरीही हा रथ कधीचा, याबद्दल आजही एकमत नाही. म. के. ढवळीकरांसारखे अभ्यासक त्याला उत्तर हडप्पा काळात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी नेतात. दायमाबादच्या उत्खननात उत्तर हडप्पा काळाचा थर मिळाला आहे, हडप्पा लिपीची चिन्हं असलेल्या मुद्राही मिळाल्या आहेत. त्यामुळे हे मत वजनदार आहे. दुसरीकडे धर्मपाल अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवलं. या वस्तूंत आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे आणि तसा मिश्रधातू इथल्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत दिसत नाही. तेव्हा त्या पुष्कळ नंतरच्या असू शकतील, असं त्यांचं म्हणणं. पुढे तिथं रीतसर उत्खननं झाली. पण कुदळीनं उचकटलेला तो खड्डा पुन्हा पहिल्यासारखा होणार नव्हता. वस्तू कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरं होती, कोळसा होता का, जमीन आधी कधी उकरून पुन्हा बुजवलेली होती का, हे सांगणारी माती विस्कटून गेली होती.

यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही. मूळ खणताना थर पाहायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलं होतं? उलट त्या वस्तू भट्टीत न जाता आज संग्रहालयात आहेत, हेच नशीब.

आता त्याच प्राचीन महाराष्ट्रातलं दुसरं गाव घेऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं ह. धी. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. घाई नाही, एकेक थर, एकेक जमीन, एकेक चूल. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची एक मातीची डबी निघाली. तिच्याबरोबर मातीच्याच स्त्रीमूर्ती, त्यातली एक बिनडोक्याची, आणि एक बैल. भाजलेलं काहीच नाही. पाण्याची धार लागली असती तर चिखल झाला असता. त्या बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही भोक आहे. दोन्हींत एक काडी बसवली की मूर्ती बैलावर उभी राहते.

हा सगळा ऐवज बाजारात नेला तर कुणी दोन रुपये देणार नाही. पण तो घराच्या जमिनीखाली, मुद्दाम पुरलेला, आद्य जोर्वे काळाच्या थरात, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीत मिळाला. देवी कोणती, पूजा कशासाठी, यावर मतं वेगळी आहेत आणि असतील. मात्र काळ आणि जागा यांबद्दल शंका घ्यायला वाव नाही. इनामगावातच घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत लहान मुलं पुरलेली सापडली. मोठ्या माणसांच्या दफनांत घोट्याखालची पावलं तोडलेली आढळली. यातलं एखादं मडकं सुटं करून कपाटात ठेवलं तर ते नुसतं मडकं. जमिनीखाली, हाडांसकट, जिथल्या तिथं पाहिलं तेव्हाच त्यातून एका घराचं दुःख समजतं.

साठ किलो कांस्य आणि मूठभर कच्ची माती. इतिहासाशी यांतलं काय जास्त बोललं, असं विचारलं तर उत्तर मातीच्या बाजूनं जातं. जुन्या वस्तूचा अर्थ तिच्या घडणीत असतो तितकाच, कित्येकदा त्याहून जास्त, तिच्या भोवतालच्या मातीत असतो. ही गोष्ट पुरातत्त्वाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते, पण ती वर्गाबाहेर पोचलेली नाही.

ती का पोचत नाही, हे गावात पाहावं. जमिनीतून काही निघालं की आधी त्याला नाव मिळतं, आणि नावावरून त्याची पुढची वाट ठरते. लोक ‘देव’ म्हणाले की त्याला शेंदूर लागतो आणि ते झाडाखाली बसतं. ‘गुप्तधन’ म्हणाले की रात्रीत वाटणी होते आणि नाणी सोनाराच्या मुशीत जातात. ‘खापर’ म्हटलं की बांधावर फेकलं जातं. ‘पुराणवस्तू’ म्हटलं तर फार तर कलेक्टर कचेरीत. वीरगळांचं हेच झालं. गावासाठी, गाईगुरांसाठी लढून पडलेल्या माणसाचा तो दगड कुठे विरोबा झाला, तर कुठे धुण्याचा दगड. या सगळ्या नावांत सर्वांत कमी वापरात आहे तो शब्द ‘पुरावा’. देव हलवता येतो, धन हलवता येतं. पुरावा हलवला की तो पुरावा राहत नाही.

कायद्याची दृष्टीही बराच काळ धनावरच खिळलेली होती. 1878 चा गुप्तधनाचा कायदा इंग्रजांनी केला आणि तो आजही चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं, असं तो सांगतो. कळवताना जागा आणि तारीखही द्यायची आहे, हे त्यातलं चांगलं. पण सरकारनं ऐवज ताब्यात घ्यायचं ठरवलं तर मोबदला किती? त्यातल्या धातूची किंवा द्रव्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. या हिशेबानं इनामगावची देवी शून्य रुपयांची. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना, पुरावस्तूचा दर्जा दिला आणि त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी आणली. हे आवश्यकच होतं. पण तो कायदाही मुख्यतः वस्तू राखतो. ती जिथून आली ती जागा राखायला वेगळे कायदे आहेत आणि ते संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांपुरते. न जाहीर झालेली टेकाडं महाराष्ट्रभर पसरली आहेत.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण इथं आवर्जून द्यायला हवं. हे प्राचीन तगर. इथला माल गाड्यांनी भडोचला जात असे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जपल्या, आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तिथं उभं आहे. त्या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीचीच. ही खात्री राखेच्या थरानं दिली. तेरच्या मूर्तीचा काळ ठरवताना अभ्यासकांना ती पाँपेईकडून उसनी घ्यावी लागते. लामतुरे यांनी जे वाचवलं ते नसतं तर तेर अर्ध्याहून अधिक मुकं राहिलं असतं. पण गावातल्या पोरासोरांनी त्या वस्तू शेतातून उचलून आणण्याआधी त्यांची जागा कुणी टिपली असती, तर हे कर्ज काढावं लागलं नसतं.

आता कुदळीची जागा जेसीबीनं घेतली आहे. शेततळं, रस्त्याचा मुरूम, घरकुलाचा पाया. पांढरीची माती पूर्वीही धाब्याला आणि शेतात खत म्हणून जात होती, पण टोपल्यांनी. आता ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी जाते. दायमाबादच्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगता येतं, आणि हे काम तालुक्याच्या शाळांनी, ग्रामसभांनी आणि खोदकामाची परवानगी देणाऱ्या कचेऱ्यांनी करायला हवं.

सांगायचं थोडंच आहे. खणताना खापरांचा थर, राख, हाडं किंवा घडीव दगड लागला तर यंत्र थांबवा. वस्तू उचलू नका, धुऊ नका. मडक्यातली माती सांडू नका, तिच्यात दाणे असू शकतात. आहे त्या जागी, शेजारी फूटपट्टी किंवा निदान काठी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, खड्ड्याची कडही त्यात येऊ द्या. किती हात खोल होतं ते लिहून ठेवा. मग तहसीलदाराला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, आणि माणसं येईपर्यंत त्या खड्ड्यावर ताडपत्री टाका.