पाण्याखालचे दोन पक्षी

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या ईशान्य टोकाला बितुंग हे बंदर आहे. समोर लेंबेह नावाचे लांबट बेट, आणि दोहोंमधली अरुंद सामुद्रधुनी ही बारीक सागरी जिवांचे फोटो काढणाऱ्यांची पंढरी. इथे कुणी शार्क किंवा देवमासा बघायला येत नाही. काळ्या ज्वालामुखी वाळूचे उतार, त्यांवर विखुरलेले प्रवाळ, स्पंज, समुद्रकाकड्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावर राहणारे नखाएवढे खेकडे व कोळंब्या यांच्यासाठी जगभरातून माणसे येतात. गाइड धातूच्या बारीक कांडीने प्रवाळाच्या फांदीवरची एक जागा दाखवतो. बराच वेळ तिथे काहीच दिसत नाही. मग फांदीवरची एक गाठ पाय हलवते.

या छंदातली माणसे बहुधा शाकाहारी असल्यासारखी बोलतात. आम्ही समुद्रातून काही उचलत नाही, फक्त पाहतो, असे त्यांचे म्हणणे असते. मासेमार जाळे टाकतो, शौकीन शिंपले गोळा करतो, फोटोग्राफर मात्र प्रतिमा घेऊन परततो आणि समुद्र जसाच्या तसा राहतो. हे म्हणणे प्रामाणिक आहे. ते खरे आहे का, हा प्रश्न छायाचित्रणाच्या तंत्राहून फार जुना आहे.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक येते. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. वेदान्ताने यात जीव आणि साक्षी पाहिला. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९–१९४३) शेवटच्या काही वर्षांत संस्कृत शिकली, आणि या रूपकात तिला माणसाच्या एका मूळ दुखण्याचे निदान दिसले. जे सुंदर दिसते ते आपल्याला गिळून टाकावेसे वाटते. पाहणे आणि खाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे माणसाला सोसत नाही, आणि पुष्कळशा पापाचे मूळ तिथेच असावे, अशी तिची शंका होती. कॅमेरा हातात घेतलेला माणूस या दोनांपैकी कुठला पक्षी, हे ठरवायला लेंबेहसारखी जागा दुसरी नाही.

पहिली अडचण प्रकाशाची. समुद्राचे पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. दहा-पंधरा मीटर खोलीवर लाल वस्तू मळकट तपकिरी दिसते, आणखी खाली जवळजवळ काळी. ‘एम्परर श्रिम्प’ ही दोनेक सेंटिमीटरची कोळंबी समुद्रकाकडीच्या किंवा ‘स्पॅनिश डान्सर’ नावाच्या मोठ्या समुद्री गोगलगाईच्या पाठीवर बसून फिरते. मासिकांत ती लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांची आणि जांभळ्या नांग्यांची दिसते. तिच्या रोजच्या जगात तो लाल रंग जवळजवळ नाहीच. तो फ्लॅशबरोबर क्षणभर येतो आणि फ्लॅशबरोबर जातो. म्हणजे साक्षी म्हणून गेलेला माणूस आपला सूर्य सोबत नेतो, आणि तिथे कधी न दिसणारे काहीतरी पाहून परततो.

पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी निघाली. विल्यम लाँगली हे प्राणिशास्त्रज्ञ आणि ‘नॅशनल जिओग्राफिक’चे चार्ल्स मार्टिन यांनी पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली. एका भडक्यात लाँगली चांगलेच भाजले. लाँगलींना नुसते देखणे चित्र नको होते. प्रवाळावरच्या माशांचे रंग नेमके कशासाठी असतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. उत्तर शोधताना त्यांनी तिथे नसलेला उजेड पेटवला, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. उजेड नेणे हे खाणे नव्हे. त्या कोळंबीचा लाल रंग फ्लॅशने घडवलेला नाही, तिच्या अंगात तो आधीच होता. त्याला प्रकट व्हायला निमित्त मिळाले, एवढेच.

रंग कुणाच्या डोळ्यांसाठी, या प्रश्नाला समुद्रात आणखी एक वळण आहे. प्रवाळांलगतच्या बिळांत राहणाऱ्या मँटिस श्रिम्पच्या डोळ्यांत रंगांसाठीच बारा प्रकारचे प्रकाशग्राही असतात. माणसाकडे तीन. त्याचे जग आपल्याहून चौपट रंगीत असेल असे पुष्कळांना वाटे. २०१४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगांनी उलटेच दाखवले. माणसाला सहज वेगळे वाटणारे जवळजवळचे रंग त्याला ओळखता येत नाहीत. त्याचा डोळा बहुधा तुलना करत बसत नाही, झटक्यात रंग ओळखून मोकळा होतो. समोरच्या लेन्सकडे तोही पाहत असतो, आणि त्याला काय दिसते याची कल्पना आपल्याला करता येत नाही. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतली भिंत ज्ञानेश्वरांनी ‘चांगदेव पासष्टी’त फार खोलवर तपासली आहे. लेंबेहच्या वाळूत त्या भिंतीच्या पलीकडे खरोखरच दुसरा द्रष्टा बसलेला असतो.

तिथले बाकीचे जीव मात्र खाणारे पक्षीच आहेत. ‘हार्लेक्विन श्रिम्प’ची जोडी पांढऱ्या अंगावरच्या गुलाबी-निळ्या ठशांमुळे रंगवलेल्या चिनी मातीसारखी दिसते. ती तारामाशाला उलथा करते आणि हाताच्या टोकापासून त्याला खायला लागते. हे जेवण काही दिवस चालते आणि तारामासा त्यातला बराच काळ जिवंत असतो. ‘कोलमन श्रिम्प’ जोडीने विषारी काट्यांच्या फायर-अर्चिनवर राहते, आणि बसण्यापुरती जागा काटे काढून मोकळी करते. नेव्हिल कोलमन या ऑस्ट्रेलियन पाणबुड्या छायाचित्रकाराचे नाव तिला १९७५ साली मिळाले. पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहणारा ट्रॅपिझिया खेकडा प्रवाळाचा चिकट स्राव खातो, आणि प्रवाळ फस्त करणारा काटेरी तारामासा जवळ आला की त्याचे पाय चिमटून त्याला हाकलतो. गॉल क्रॅबची मादी प्रवाळाला आपल्याभोवती वाढू देते आणि त्या कोठडीत कायमची कोंडून घेते. इथे प्रत्येकाचे जगणे दुसऱ्याच्या अंगावर आहे. अशा ठिकाणी आपणच तेवढे निर्लेप साक्षी, हे म्हणणे जरा जास्तच होते.

आणि फोटोग्राफर नेहमी निर्लेप नसतोच. मॅक्रो लेन्सने दोन सेंटिमीटरचा खेकडा चौकटभर आणला की नेमक्या फोकसची जाडी एखाद्या मिलिमीटरची उरते. खेकडा फांदीच्या मागे असेल तर चित्र बिघडते. मग कांडीने त्याला पुढे ढकलले जाते. कोळंबी एका समुद्रकाकडीवरून दुसऱ्या देखण्या काकडीवर ठेवली जाते. मार्टन डी ब्राउवर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली समुद्रतळाशी राहणाऱ्या माशांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फ्लॅशमुळे डोळ्यांना इजा झाल्याचे आढळले नाही. माशांना स्पर्श करणे, त्यांना हलवणे याचा परिणाम मात्र फ्लॅशहून जास्त होता. हा अभ्यास माशांचा आहे, खेकड्यांचा नव्हे. पण दोष उजेडाचा नाही, हाताचा आहे, हे त्यातून कळते.

खेकड्याला त्याचे काय वाटते, हा प्रश्न आता हसण्यावारी नेता येत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून अधिक शोधनिबंध तपासून २०२१ मध्ये अहवाल दिला. खेकडे, शेवंडे, कोळंबी यांना वेदना जाणवते असे मानायला सबळ पुरावा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनने २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात त्यांना समाविष्ट केले. दक्षिण महाराष्ट्रात दिगंबर जैन मुनी मोरपिसांच्या पिच्छीने जागा झाडून मगच बसतात. त्या आचारामागचा विचार ब्रिटिश संसदेपर्यंत पोचायला फार काळ लागला.

पाहणे कुठे संपते आणि खाणे कुठे सुरू होते, या प्रश्नाला जैन परंपरेत आणखी एक धारदार उत्तर सापडते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची, म्हणजे बाळगण्याची, व्याख्या वस्तूच्या साठ्यावर केलेली नाही, वस्तूत जीव अडकण्यावर केलेली आहे. हे फोटोला तंतोतंत लागू होते. प्रतिमा घेतल्याने समुद्रातून काही कमी होत नाही, तरीही ती प्रतिमा पूर्ण परिग्रह असू शकते. ज्याला ‘हार्लेक्विन’चा फोटो मिळालाच पाहिजे, आधीच्या माणसाला मिळाला त्याहून चांगला मिळालाच पाहिजे, त्याने ती कोळंबी खाल्लीच आहे. जो वीस मिनिटे फांदीसमोर तरंगतो, खेकडा मागेच राहतो, आणि हवा कमी झाली म्हणून फोटोशिवाय वर येतो, त्याने तो पाहिला. माझ्या मते दोन पक्ष्यांतला फरक इथे आहे, कॅमेरा असण्या-नसण्यात नाही.

यावर एक कठीण आक्षेप आहे. ‘बॉक्सर क्रॅब’ हा चिमुकला खेकडा दोन्ही नांग्यांत एकेक समुद्रफूल धरून हिंडतो. एक गमावले तर उरलेल्याचे तो दोन तुकडे करतो आणि दोन्ही पुन्हा वाढतात. इस्रायली संशोधकांनी २०१७ मध्ये हे सिद्ध केले, पण त्यासाठी त्यांना खेकड्याच्या हातातले एक फूल काढून घ्यावे लागले. पिग्मी समुद्रघोडाही १९६९ साली न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबँ यांना सापडला तो मत्स्यालयासाठी काढलेल्या समुद्रपंख्यावर. आज फोटोग्राफरला काय शोधायचे ते ठाऊक आहे, कारण त्याच्या आधी कुणीतरी उचलले, कापले, बाटलीत ठेवले. त्या घेण्याला ज्ञानाचे कारण होते आणि ते एकदाच पुरले. चौकट देखणी यावी म्हणून रोज, प्रत्येक पाहुण्यासाठी तोच खेकडा ढकलण्याला तसे कारण सापडत नाही.

ढकलणारा हात मात्र बहुतेक वेळा पाहुण्याचा नसतो, गाइडचा असतो. आग्नेय आशियात असल्या डायव्हिंगची उलाढाल वर्षाला पंधरा कोटी डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज २०१७ साली निघाला, आणि किनाऱ्यावरची पुष्कळ घरे तिच्यावर चालतात. त्यात पाहुण्याच्या बक्षिसीचाही वाटा असतो. पाहुणा फोटो घेऊन खूश झाला तर बक्षिसी बरी मिळते, हे गाइडला ठाऊक असते. त्याला एकट्याला नीतीचे धडे देऊन काही साधत नाही. पाण्याखाली बोलता येत नसल्याने गोष्ट होडीतच ठरवावी लागते. आपल्यासाठी कुठलाही जीव हलवायचा नाही, फोटो मिळाला नाही तरी बक्षिसी तेवढीच मिळेल, असे पाहुण्याने उडी मारण्याआधी स्पष्ट सांगितले की गाइडला कांडी वाळूत रोवून मागे थांबता येते.