कुटुंबप्रमुखाचा रकाना

एखाद्याचं नाव लिहायचं राहून गेलं, तर ती हिंसा म्हणायची का? मारलं नाही, टाकून बोललं नाही, कुणाचं काही लुबाडलं नाही. नुसतं लिहिलं नाही. हा प्रश्न माझ्या मनात आला तो जुन्या डिरेक्टऱ्या आणि पेटीभर पोस्टकार्डं वाचताना.

बेळगावचा इतिहास म्हटला की आपण किल्ल्यातली बस्ती दाखवतो. रट्टांचा मंत्री बीचिराज याचं नाव आणि १२०४ हे साल आपल्याला शिलालेखामुळे कळतं. पण साध्या घरांचे शिलालेख नसतात. त्यांच्यासाठी डिरेक्टरीच उघडावी लागते. १९१४ साली मुंबईहून ‘श्री भारतवर्षीय दिगंबर जैन डिरेक्टरी’ निघाली. त्या काळात समाजाची एवढी मोजदाद करणं म्हणजे केवढे कष्ट! तिच्यात ८७ जातींची नोंद आहे, आपले चतुर्थ, पंचम, सैतवाळही आहेत. पुढे डॉ. विलास सांगवे यांनी जैन समाजाचा अभ्यास करताना तिचा आधार घेतला.

आमच्या घरातही पुढच्या काळातली एक स्थानिक डिरेक्टरी आहे. तिच्यात घर म्हणजे एका पुरुषाचं नाव, त्याचा धंदा, आणि पुढे आकडे. पुरुष ४, स्त्रिया ५. त्या पाचांतल्या एक माझ्या आजेसासूबाई. तिथं त्या आकडा आहेत, नाव नाहीत.

त्यांची पेटी उघडली तेव्हा मात्र चित्र पालटलं. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ च्या जुलैत, पाव आण्याला. या पेटीतली कार्डं त्यानंतरची, बरीच वर्षं जपलेली. पत्ता बघितला तरी इतिहास कळतो. आधी ‘मुंबई इलाखा’, १९५६ नंतर ‘म्हैसूर राज्य’, १९७३ नंतर ‘कर्नाटक’. पिनकोड दिसला की कार्ड १९७२ नंतरचं. घर एकाच गल्लीत, पत्ते बदलत गेले. मजकूर तंबाखूच्या भावाचा, पावसाचा, बाळंतपणाचा. दशलक्षण पर्व संपलं की ‘उत्तम क्षमा’ मागणारी कार्डं. आणि एका कार्डावर, पत्ता आजेसासऱ्यांच्या नावाचा, पण आत भावानं बहिणीला माहेरच्या नावानं हाक मारलेली. ते नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नात बदललेलं नाव तेवढं सगळ्यांना माहीत.

पोस्टकार्डंही सगळं सांगत नाहीत बरं का. मरणाची बातमी आली की कार्ड दाराबाहेरच वाचून फाडून टाकायची रीत होती. त्यामुळे पेटीत लग्नं आहेत, बारशी आहेत, मरण एकही नाही. पेटीवरून लिहायला बसलं तर या घरात कुणी गेलंच नाही असं वाटेल! डिरेक्टरी खोटी नाही, पेटीही खोटी नाही. दोघींची बाजू एकेक. अनेकान्त आपण प्रवचनात ऐकतो, तो असा कागदातही भेटतो.

यावर घरातच मला विचारलं गेलं, “त्यांची स्वतःची तक्रार होती का? नव्हती ना? मग तुला का त्रास?” प्रश्न खरा आहे. कदाचित त्यांना काहीच वाटलं नसेल. पण दुखणं जाणवलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असं थोडंच असतं? तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मोठं स्थान दिलं आहे. डिरेक्टरी लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांचं लक्ष गेलं नाही, एवढंच. त्या काळाची नजरच तशी होती, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. मात्र आपलं लक्ष गेल्यावरही आपण तोच रकाना पुढे चालवला, तर ते बेसावधपण राहत नाही. ती आपली निवड होते.

आता आमच्या समाजाची नवी डिरेक्टरी निघते आहे. फॉर्मवर पहिला रकाना ‘कुटुंबप्रमुख’. आमच्या गल्लीतले फॉर्म भरून घेण्याचं काम माझ्याकडे आहे. सुनांची माहेरची नावं आणि लग्न होऊन गेलेल्या मुली घेऊया, असं मी सुचवलं. पानं वाढतील, खर्च वाढेल, आणि आजकाल बायकांची माहिती छापणं बरं नव्हे, असं उत्तर आलं. शेवटचं म्हणणं मला पटतं. फोन नंबर नकोच. पण नाव छापायचं की नाही हे जिचं नाव तिला विचारूया. ‘नको’ म्हणाली तर तो तिचा निर्णय. न विचारता गाळणं वेगळं.

तेव्हापासून मी फॉर्म घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. एका वयस्कर अक्कांना विचारलं, “अक्का, कुठलं नाव लिहू, इकडचं का तिकडचं?” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दोन्ही लिही की. दोन्ही माझीच आहेत.”

मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे. तोवर मैत्रिणींनो, एवढं करा. घरातली जुनी कार्डं रद्दीत घालू नका. त्यातली माणसं कोण, हे सांगणारं कुणी घरात असेल तर आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. छापायचं की नाही ते मागाहून ठरवता येईल. सांगणारं माणूस मात्र थांबून राहत नाही.