गर्भपात आणि दोषारोप

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्यास छापले गेले. त्याच्या आदल्या वर्षी विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेस अर्भकहत्येबद्दल सुरतेच्या न्यायालयात फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीस धारेवर धरले. त्या संतापातून हे पुस्तक जन्मले. तो खटला निराळा आणि आमचा आजचा विषय निराळा. तथापि जे दोष स्त्रीच्या पदरी घातले जातात ते खरोखर तिचेच काय, हा ताराबाईंचा प्रश्न ज्या ठिकाणी आजही क्वचितच विचारला जातो, ते ठिकाण म्हणजे आपोआप घडणारा गर्भपात होय.

घरातील सुनेचा गर्भ पडला म्हणजे 'तिची प्रकृती कशी आहे?' असे विचारण्याआधी 'तिने केले तरी काय?' असे विचारले जाते. हंडा उचलला असेल, पपई खाल्ली असेल, एस.टी.ने माहेरी गेली असेल. लोक दोन दिवसांनी विसरतात. ती बिचारी मात्र रात्रंदिवस याच गोष्टींची उजळणी करीत राहते.

वस्तुस्थिती काय आहे? कळून आलेल्या शंभर गर्भांपैकी सुमारे १५ असे गळतात. साऱ्या जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निदान निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ही चूक बहुधा बीज तयार होतानाच, अथवा त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत घडते. म्हणजे स्त्रीला आपणांस दिवस गेले आहेत हे कळण्याच्याही आधी. त्यात हंड्याचा संबंध नाही, माहेरच्या प्रवासाचा नाही. शिवाय गर्भाचा अर्धा वाटा पुरुषाचा असतो, आणि बापाचे वय वाढले तरी धोका वाढतो. पण त्याला कोणी जाब विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कीड, वारा वा आघात यांनी फळ जसे अकाली देठापासून सुटते तसाच गर्भही, असा दृष्टांत सुश्रुताने दिला आहे. फळ गळाले म्हणून झाडास कोणी अपराधी ठरवीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आघात तर सुश्रुतही सांगतो; तंबाखू, दारू, हिवताप, ताब्यात नसलेला मधुमेह यांनी धोका वाढतोच की नाही? वाढतो, हे आम्हांस मान्य आहे. अतिकष्टांनीही तो काहीसा वाढत असावा. परंतु दिवस भरत असताना तिला कापसाच्या वेचणीस कोणी धाडले? घरात विडी कोण ओढीत होता? कारण बाहेरचे असले तरी निवड क्वचितच तिची असते, आणि जेथे निवड नाही तेथे दोष कसला?

दोष नसला तरी कर्तव्य मात्र उरते, आणि दोषारोपाने नेमका त्याचाच घात होतो. ज्या गोष्टीची लाज वाटते ती लपविली जाते. त्यातून आपल्या बोलण्यात आपोआप घडलेला आणि मुद्दाम केलेला, दोहोंसही गर्भपात हा एकच शब्द; म्हणून दवाखान्यात गेलो तर पोलीस विचारतील काय, या भयाने कित्येकजणी घरीच थांबतात. वस्तुतः आपोआप गर्भ पडणे हा कोणत्याही कायद्याने अपराध नाही. उपचारही भयंकर नाहीत. प्रकृती ठीक असेल तर काही दिवस वाट पाहता येते. गोळ्या देता येतात. किंवा नळीने ओढून गर्भाशय रिकामा करता येतो, ज्याला लोक 'पिशवी साफ करणे' म्हणतात. मात्र रक्तस्राव अनावर झाला, ताप आला, स्रावास दुर्गंधी आली, पोटात असह्य कळ येऊन घेरी आली, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर वा जळगाव जामोद तालुक्यातील गावाहून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय जवळ नाही. तेथे लाजेत दवडलेला एक तासही जिवावर बेततो. पुन्हा पुन्हा असे घडत असेल, तर नवऱ्याबायकोने मिळून तपासणी करून घ्यावी. एकट्या तिला अंगारे लावीत हिंडवू नये.

विश्रांतीचा विचार कायद्याने तरी केला आहे. १९६१ च्या कायद्याने अशा नोकरदार स्त्रीस दिलेली सहा आठवड्यांची भरपगारी रजा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही राखली आहे. रोजाने निंदणीस जाणाऱ्या मजूर बाईस ती मिळत नाही. तिची रजा तिच्या घराने आणि शेजाराने द्यावयाची आहे.

याच जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मस्थानी लोक लोटतात आणि मातृत्वाचा जयजयकार होतो. तो योग्यच आहे. परंतु जिची कूस भरून मधेच रिती झाली, तिला मातृत्वाच्या त्या गौरवात काही वाटा आहे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते तरी ठरवावे. आमच्या मते आहे. आणि तिच्यापाशी बसून प्रथम तिच्या प्रकृतीची विचारपूस करणे, ही त्याची सुरुवात होय.