अजाणतां घडलेली हिंसा

भाद्रपद-आश्विनांत दारव्हा तालुक्यांतून जाणाऱ्यास दोहों बाजूंस कपाशीचीं शेतें आणि त्यांत पाठीवर पंप घेतलेलीं माणसें दिसल्यावांचून राहत नाहींत. हे दिवस पावसाचेहि असतात. पानांवर बसलेलें औषध सरीबरोबर खालीं उतरतें, काळ्या मातीच्या कणांस चिकटून नाल्यांत जातें, आणि नाल्यांचें पाणी अखेर अडाणेंत पोंचतें. फवारणाराच्या मनांत बोंडअळीवांचून दुसरा जीव नसतो. मासा तर त्याला दिसतहि नाहीं. जें आपण इच्छिलें नाहीं व पाहिलेंहि नाहीं, त्याचा दोष आपल्या माथीं येतो काय, हा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

आपल्या देशांत १९६८ सालचा कीटकनाशकांचा कायदा व १९७१ सालचे नियम ह्यांन्वयें औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी; त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हा क्रम लावितात तो किती मात्रेनें प्रयोगांतील उंदरांसारखे सस्तन प्राणी निम्मे मरतात ह्यावरून. मनुष्य सस्तन असल्यामुळें ही कसोटी त्याच्या सोयीची आहे, आणि तींत गैर कांहीं नाहीं. परंतु ह्या त्रिकोणांत माशाला जागा नाहीं. मोनोक्रोटोफॉसला लाल त्रिकोण मिळाला, सायपरमेथ्रिनला पिवळा. म्हणजे माणसाच्या हिशेबानें दुसरें विष पहिल्याहून सौम्य. माशाच्या हिशेबानें हा क्रम उलटा आहे, आणि थोडाथोडका नव्हे, शेंकडों पटींनीं. सायपरमेथ्रिन हें शेवंतीच्या कुळांतील एका फुलाच्या अर्काच्या धर्तीवर प्रयोगशाळेंत बनविलेलें विष. तें मज्जातंतूंवर घाला घालतें. माणसाचें यकृत त्याची विल्हेवाट लवकर लावतें. माशाला तें तितकेसें साधत नाहीं, आणि पाणी तर त्याच्या कल्ल्यांवरून अखंड वाहत असतें. स्वच्छ पाण्याच्या लाखभर लिटरांच्या डोहांत एक ग्रॅम विष मिसळलें तरी तें अनेक जातींच्या माशांचा प्राण घेऊं शकतें. गाळास चिकटल्यावर त्याचा जोर उतरतो हें खरें; पण त्या गाळांतच माशाचें अन्न असलेले किडे राहतात.

हेतु शुद्ध असला म्हणजे कर्म शुद्ध, असें पुष्कळ सज्जन मानतात. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं मात्र इतक्या सहजीं सुटका करून घेतलेली नाहीं. मनुस्मृतींत चूल, पाटा-जातें, केरसुणी, उखळ-मुसळ व पाण्याचा घडा हीं गृहस्थाचीं पांच वधस्थानें सांगितलीं आहेत. चूल पेटविणाऱ्या बाईच्या मनांत मुंगी मारण्याचा विचार नसतो, तरी मुंगी मरते. शास्त्रकारानें त्या घराला चूल विझविण्यास सांगितलें नाहीं, आणि निर्दोष असल्याचा दाखलाहि दिला नाहीं. रोजचे पंचमहायज्ञ मागें लावून दिले. मनुस्मृतींतील सगळाच विचार आम्हांस मान्य आहे असें नाहीं. हा मात्र फार शहाणपणाचा वाटतो. दोष आणि अपराध ह्यांच्या मध्यें ऋण नांवाची एक जागा आहे, ती त्यानें ओळखली.

तरीहि चूल आणि पंप ह्यांत एक भेद राहतोच. चुलींतील मुंगीचें मरण घरांतल्या घरांत राहतें. पंपांतील विष दुसऱ्याच्या पाणवठ्यावर जातें. शिवाय तें खरोखर अजाणतां जातें काय? रेचेल कार्सन ह्या विदुषीनें १९६२ सालींच शेतांतील विषें नदीनाल्यांतील माशांस कशीं मारतात हें जगापुढें मांडलें होतें. एंडोसल्फान हें असेंच एक मत्स्यघातक औषध. त्याचें उत्पादन व विक्री सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं थांबविली, तीहि मुख्यतः माणसांच्या हालांकडे पाहून. ज्ञान आहे, फक्त तें ज्याच्या हातांत पंप आहे त्याच्यापर्यंत येत नाहीं. तेव्हां अजाणतेपण फवारणाराचें, आणि जाणतेपणाचा भार दुसऱ्या कोणाचा तरी. त्या दुसऱ्यांत सुती सदरा अंगांत घालून हें लिहिणारे आम्हीहि आलों.

एका स्नेह्यानें आम्हांस विचारलें, “ज्या जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणी करतां करतां विषबाधेनें २० हून अधिक माणसें मेलीं, शेंकडों इस्पितळांत पडलीं, तेथें माशांचें काय घेऊन बसलांत?” आम्ही निरुत्तर झालों, हें कबूल केलें पाहिजे. घरीं आल्यावर सुचलें तें असें कीं, दोन्ही मरणांचा रस्ता एकच होता. कर्जानें घातलेलें कपाशीचें पीक, हाताबाहेर गेलेली अळी, दोन औषधें एकत्र करून मारण्याची घाई, हातमोजे नाहींत, तोंडावर फडकें. ज्याला स्वतःला जपण्यास सवड मिळाली नाहीं, त्याच्याकडे नाल्यांतील मरळ-वांबीचा हिशेब मागणें निष्ठुरपणाचें आहे. पण म्हणून हिशेबच नाहीं असें ठरत नाहीं. भोयांच्या पोटासाठीं तरी मासा राखा, असें कोणी म्हणतात. तें खरें असलें तरी आम्हांस अपुरें वाटतें. मासे धरणारें कोणी उरलें नाहीं, म्हणजे डोहांत विष सोडण्यास हरकत नाहीं, असें कोण म्हणेल?

कपाशी सोडा, असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण पंप नाल्यांत धुवूं नये, रिकामा डबा ओढ्यांत विसळूं नये, आभाळ भरलें असतां फवारूं नये, एवढें दुकानदारानें औषध हातीं देतांना तोंडानें सांगावें. डब्यावरचें अक्षर आम्हांला चष्मा लावूनहि वाचतां आलें नाहीं.