चौथ्या दिवसाचा अध्याय आणि तांब्यांची कविता

श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात चौथ्या दिवशी तिसावा अध्याय येतो. माहूरच्या गोपीनाथाचा मुलगा क्षयानं खंगलेला. बायको त्याला घेऊन गाणगापूरची वाट धरते आणि गुरूंचं दर्शन होण्याआधीच तो प्राण सोडतो. पारायणाला बसलेल्यांपैकी कुणाचा ना कुणाचा आवाज इथे जड होतोच. मग एक तापसी येऊन तिला सांगतो की देह नाशवंत, कोण कुणाचं! पुढे सहगमनाचं येतं, ते त्या काळाचं म्हणून आपण बाजूला ठेवावं. पण महाराज शेवटी मान देतात तो तिच्या प्रेमालाच. नवरा उठून बसतो.

आपल्या घरातलं माणूस मात्र उठून बसत नाही. आपल्याला उरतो तो फक्त तापसीचा उपदेश.

मागे रोह्याला एका घरी भेटायला गेलो होतो. यजमानांची पत्नी गेलेली. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "सुटली बिचारी. आता तुम्ही माया सोडा, नामस्मरणात मन घाला." सगळे गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "हो, पण रडू येतं ते पाप आहे का?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मी भा. रा. तांब्यांची 'समग्र कविता' काढली.

(टेंबे स्वामींच्या अंकात हे तांबे कुठले, असं कुणी म्हणेल! शृंगाराचा कवी देवळात कशाला, असंही. पण ज्ञानेश्वर माउलींच्या विरहिणी आपण देवळातच गातो.)

तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. 7 डिसेंबर 1941 रोजी गेले. हा ग्रंथ त्याआधी 1935 साली माधव जूलियनांनी संपादून काढला. प्रेम, मरण आणि देव ही त्यात वेगवेगळी दालनं नाहीत, एकाच माजघरात तिघं बसलेली आहेत. त्यांची एक कविता लताबाईंच्या आवाजात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आपल्यामागे जगाचं काही अडत नाही, मग हरीचा दूत आला तर पाठ का फिरवावी, असं ती विचारते. ही तापसीचीच भाषा. पण त्याच ग्रंथात एक नवरी आहे. वराकडे ओढ आहे, पण माहेरचा उंबरा ओलांडताना तिचा पाय अडखळतो. हा वर म्हणजे मृत्यू, किंवा परमात्मा. तिचं अडखळणं कवीला अज्ञान वाटत नाही. पाठवणीला रडणाऱ्या मुलीला आपण तरी कधी म्हणतो का, की तुझं नवऱ्यावर प्रेम नाही म्हणून?

मला वाटतं, माया आणि प्रेम यांत आपण गल्लत करतो. पेणच्या कारखान्यांत मूर्तीची आखणी चालते तेव्हा जाऊन बघावं. डोळे रेखणारा कारागीर श्वास रोखून बसलेला असतो. ही मूर्ती पाण्यात जायची आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून तो बुबुळ वाकडं काढत नाही. आणि विसर्जनाला आपले डोळे भरून येतात, तेव्हा कुणी आपल्याला नास्तिक म्हणत नाही.

टेंबे स्वामींचंच बघा. 1891 साली गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाई गेल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांनी संन्यास घेतला. एवढे कडक विरक्त, आचाराच्या बाबतीत तसूभर न ढळणारे. पण करुणात्रिपदी म्हणताना ऐका, रुसलेल्या माउलीला लेकरानं आळवावं तशी ती आहे. विरक्तीनं त्यांच्यातला ओलावा आटला असता, तर ती पदं झालीच नसती. वैराग्य म्हणजे कोरडेपणा, हे मग आपण कुठून शिकलो?

रोह्याच्या त्या यजमानांना मी पुढच्या वेळी तांब्यांचं पुस्तक नेऊन दिलं. देताना एवढंच म्हटलं, "भाऊ, आधी ती नवरीची कविता वाचा. लताबाईंची ती दुसरी आत्ताच नको, वर्षश्राद्ध झाल्यावर वाचा." पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे, आणि मी मागितलेलं नाही.