कावीळ

घरात उद्या हळद. ट्रॉम्बे जेट्टीवरून कोळीवाड्याकडे परतताना वहिनी थांबल्या.

"भाऊजी, पोराला काही सांगू नका. वडील काविळीने गेले, एवढंच त्याला ठाऊक आहे."

"कावीळ झालीच होती. पण यकृत दारूने गेलं होतं, वहिनी. आबांचंही तसंच."

"म्हणून तर! 'बापावर गेलाय' हे ऐकत तुमचा भाऊ मोठा झाला. प्यायला लागला तेव्हा कुणी अडवलंसुद्धा नाही. शब्द लागतो माणसाला."

हे खरं होतं. अडवलं नाही त्यांत मीही होतो.

"डोनाल्ड गुडविन यांचा १९७३चा अभ्यास वाचलाय मी," मी म्हणालो. "डेन्मार्कमधली दत्तक मुलं. व्यसनी आईबापांपासून तान्हेपणीच दूर गेलेली. तरी त्यांच्यात दारूचं व्यसन इतर दत्तक मुलांच्या जवळपास चौपट."

"चौपट! आणि हे त्याला सांगायचं?"

"चौपट म्हणजे शंभरात अठरा. उरलेल्या ब्याऐंशींना व्यसन लागलं नाही, हेही सांगायचं."

"मग नाहीच सांगितलं तर काय बिघडेल?"

"परवा तो मला अभिमानाने म्हणाला, 'काका, मित्र दोन बियरमध्ये आडवे होतात, मला चढतच नाही.'"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. तो पितो हे त्यांना माहीत नव्हतं.

"भाऊही हेच म्हणायचा," मी म्हणालो. "आपण त्याला दणकट समजायचो. अमेरिकेत मार्क शुकिट यांनी व्यसनी बापांच्या तरुण मुलांना मोजून दारू देऊन पाहिली, पुढे कित्येक वर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांना कमी चढायची, तेच जास्त अडकले. अंग 'बस' म्हणायला उशीर करतं, तोवर माणूस आणखी पितो. पोराला ही ताकद वाटते आहे."

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.

"यांना पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं मी म्हणाले होते. सासूबाई म्हणाल्या, वाड्यात कळेल. तेव्हाही लपवलंच आपण."

"हो."

"मीच सांगते त्याला. आज रात्रीच, हळदीच्या आधी. सासऱ्यांचं, यांचं, सगळं. पण 'बापावर गेलाय' हे तुमच्या तोंडून कधी निघायचं नाही."

मी कबूल केलं.

भाऊ गेला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.