ठिपक्यांची किंमत

व्हिक्टोरिया राणीच्या १८६२च्या रुपयाची एक गंमत आहे. नाण्यावर १८६२ असलं म्हणजे ते १८६२ सालीच पाडलं असेल असं नाही. साल तेच ठेवून पुढे १८७४पर्यंत रुपये टाकसाळीतून बाहेर पडत राहिले. मुंबईच्या टाकसाळीने मागच्या बाजूला बारीक ठिपके टाकले, त्यांवरून अभ्यासक पाडल्याचं वर्ष ओळखतात. राणीच्या पोशाखातले आणि मागच्या नक्षीतले फरक आणखी वेगळे. वजन मात्र सगळ्यांचं ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. सराफाच्या काट्यावर हे सगळे रुपये एकच आहेत. भिंग लावलं की त्यातला एखादा चांदीच्या भावाच्या जेमतेम वर राहतो आणि एखादा कितीतरी पटींनी वर जातो.

नाण्यांच्या प्रदर्शनाला हौशी माणूस जातो तो या फरकासाठी. नाणी काय, घरबसल्याही घेता येतात. पण हॉलमध्ये ओळीने मांडलेली टेबलं, पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये स्टेपल केलेली नाणी आणि कोपऱ्यात 'कुठलंही उचला' म्हणून ठेवलेला तांब्याचा ढीग, यांत जी शक्यता असते ती स्क्रीनवर नसते. त्या ढिगात बहुतेक झिजलेल्या शिवराया असतात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ हे नाणं चाललं. अक्षरं कोरणाऱ्या हातांनी ऱ्हस्व-दीर्घाची आणि ओळींची इतकी मोडतोड केली आहे, की तिचे प्रकार मोजण्यात लोकांची आयुष्यं गेली. (शुद्धलेखनाच्या चुकांना इतका भाव दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात मिळत असेल असं वाटत नाही.) विक्रेत्याला न दिसलेला दुर्मीळ प्रकार साध्या भावात उचलणं, याला या जगात चेरी पिकिंग म्हणतात, आणि ते अभिमानाने सांगितलं जातं. मीही उचललेल्या आहेत. त्याबद्दल मला काही वाटत नाही, आणि का वाटत नाही हे मला नीट सांगता आलं पाहिजे असं एका प्रदर्शनात वाटलं.

सत्तरीतले एक काका डब्यात रुमालाने बांधलेले वीस-बावीस रुपये घेऊन आले होते. सासरेबुवांचे, म्हणाले. विक्रेत्याने ते काट्यावर टाकले, कॅल्क्युलेटर पुढे केला आणि म्हणाला, "चांदीचा भाव येईल काका, बाकी यात काही नाही." मी शेजारी उभा होतो. वर आलेल्या एका रुपयाचे ठिपके मी मोजले. एकाचा सौदा चालू असताना तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा तिथला अलिखित नियम आहे, आणि तो वाईट नियम नाही. तरी मी म्हणालो, "काका, हा एक बाजूला ठेवा. आणखी दोन टेबलांवर दाखवा."

काका डबा आवरू लागले तेव्हा विक्रेता मला हळू आवाजात म्हणाला, "हे ठिपके ओळखायला मी वीस वर्षं घातली, खोटी नाणी घेऊन पैसे बुडवले. टेबलाचं भाडं मी भरतो. तुम्ही तुमचं सॉफ्टवेअर फुकट वाटता का? आणि सकाळी माझ्या ढिगातून शिवराई उचललीत, तेव्हा मला सांगितलंत का, की ही वेगळी आहे?"

तो बरोबर बोलत होता. निदान पाऊण बरोबर.

हा वाद जुना आहे. सिसेरोने 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथात एक व्यापारी कल्पिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, हा अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचला आहे आणि मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने गिऱ्हाइकांना सांगावं का? डायोजेनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे फसवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं, माणसं एकमेकांना बांधलेली आहेत. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो. पण मला त्यातला दुसरा दाखला जास्त आवडतो, कारण तो खरेदीदाराचा आहे. स्कॅव्होला नावाच्या गृहस्थाने जमीन घेताना विक्रेत्याला किंमत विचारली, ऐकली, आणि माझ्या मते ती याहून जास्त किमतीची आहे असं म्हणून लाखभर सेस्टर्स वरून दिले. हा माणूस सज्जन, हे लोक मान्य करतात, शहाणा म्हणायला कचरतात, असं सिसेरो नोंदवतो.

कायदा शहाण्यांच्या बाजूने आहे. १८१५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला ब्रिटनशी तह झाल्याची बातमी इतरांआधी कळली. त्याने तंबाखूची १११ पिंपं घेतली. बातमी फुटल्यावर भाव ३० ते ५० टक्के चढले. सौद्याआधी त्याला विचारण्यात आलं होतं, भाव वाढेल अशी काही बातमी आहे का? तो गप्प राहिला. १८१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश मार्शल यांनी म्हटलं, की खरेदीदारावर आपली माहिती सांगण्याचं बंधन नाही. मात्र समोरच्याची दिशाभूल होईल असं काही बोलता किंवा करता कामा नये, आणि तसं झालं का हे ज्यूरीने ठरवावं म्हणून खटला परत पाठवला.

माझी शिवराई आणि काकांचा रुपया यांतला फरक मला इथे सापडतो. विक्रेत्याने ढिगाला भाव लावला तेव्हा त्याने मला काही विचारलं नव्हतं. त्याचं ज्ञान एकीकडे, माझं एकीकडे, आणि ढिगातलं प्रत्येक नाणं तपासण्यात वेळ घालवायचा नाही हा त्याचा धंद्याचा हिशेब होता. काका भाव लावायला आले नव्हते, ते विचारायला आले होते. 'किती येतील?' या प्रश्नात दोन प्रश्न असतात: तुम्ही किती द्याल, आणि हे काय आहे? विक्रेत्याने पहिल्याचं उत्तर कितीही कमी दिलं असतं तरी ती घासाघीस झाली असती. 'बाकी यात काही नाही' हे दुसऱ्याचं उत्तर होतं. ते पारखी म्हणून दिलेलं होतं आणि खरेदीदाराच्या सोयीचं होतं.

आता त्याचा पाऊण भाग. वीस वर्षांच्या नजरेला मोल असायला हवं, हे मला मान्य आहे. आमच्या क्षेत्रात कुणाच्या प्रणालीत भोक सापडलं तर ते वापरून लुटायचं नाही, गुपचूप कळवायचं असा संकेत आहे, आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी बक्षीस देतात. शोधणाऱ्याला वाटा मिळतो, अख्खी तिजोरी मिळत नाही. आपला १८७८चा निखातनिधी कायदा तर शोधणाऱ्याबाबत उदार आहे. जमिनीत सापडलेल्या बेवारस धनाबद्दल शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात आधी काही ठरलेलं नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि उरलेलं जमीनमालकाला. (तोच कायदा सरकारला ते धन धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेण्याची मुभा देतो. म्हणजे काटा घेऊन बसलेला विक्रेता अगदी एकटा नाही.)

मग विक्रेत्याने सरळ म्हणावं, 'यातला एक चांगला आहे, माझ्या नजरेचा वाटा मला द्या'? ते चालत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी माहितीच्या बाजाराची ही अडचण मांडली आहे. माहिती सांगितल्याशिवाय तिची किंमत घेणाऱ्याला कळत नाही, आणि सांगितल्यावर विकायला काही उरत नाही. काका 'चांगला आहे' एवढं ऐकून शेजारच्या टेबलावर गेले असते आणि वीस वर्षांची नजर फुकट गेली असती. बक्षीस आधी जाहीर झालेलं असतं म्हणून आमच्याकडे ते जमतं. प्रदर्शनात दाराशीच एक टेबल असावं, ओळखण्याची ठरलेली फी घेणारं आणि स्वतः काहीही विकत न घेणारं, असं मला वाटतं. असं टेबल चालवायला कोण तयार होईल हा प्रश्न आहे. ज्याला ठिपके ओळखता येतात, त्याला नाणी हवीही असतात.

कारण दोन टेबलांवर दाखवा म्हटल्यावर काका हलले नाहीत. त्यांनी तो रुपया माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "तुम्हीच सांगा ना. तुम्ही किती द्याल?"

माझ्या संग्रहात तो नव्हता. मी म्हणालो, मी घेणार नाही. आणि त्यानंतर त्यांना जो अंदाज सांगितला तो खरा होता. त्यांनी डबा छातीशी धरला, विक्रेत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवावा हे न ठरवताच गर्दीत शिरले.